काम नाही, सही करून जा

मंदी पेपरात येण्याआधी कॅन्टीनमध्ये येते. चार वाजताच्या चहाबरोबरचं बिस्किट बंद होतं. मग निगडीची आणि भोसरीची बस एक होते आणि कामगाराला अर्धा तास लवकर उठावं लागतं. ओव्हरटाइम थांबतो. हातमोज्यांची जोडी आठवड्याऐवजी महिन्याला मिळू लागते. एवढं झालं, की एक दिवस शिफ्ट सुटताना सगळ्यांना शेडमध्ये बोलावतात, माइकची खरखर होते आणि एरवी फक्त खंडेनवमीच्या पूजेला नाहीतर ग्राहक कंपनीच्या ऑडिटला खाली उतरणारे प्लँट हेड सांगतात, ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत.’

जुना कामगार शेजारच्याला कोपर मारतो. तेजीत विभक्त असलेलं हे कुटुंब मंदी आली की एकत्र होतं, हे त्यानं आधीही पाहिलेलं असतं.

नमुना म्हणून २०१९ साल घेऊ. चाकण-भोसरी-रांजणगावच्या पट्ट्यात ते अजून कुणी विसरलेलं नाही. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये देशात १ लाख ९६ हजार ५२४ प्रवासी वाहनं विकली गेली. आदल्या ऑगस्टपेक्षा ३१.५७ टक्क्यांनी कमी, आणि ही घसरण सलग दहाव्या महिन्यातली. अवजड ट्रकांची विक्री तर निम्म्याहूनही खाली आली. कारणं सगळ्यांना पाठ होती. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस ही बडी वित्तकंपनी बुडाली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थांचा हात आखडला. त्याच महिन्यापासून नव्या गाडीबरोबर तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा विमा एकदम घेणं सक्तीचं झालं. ट्रकवर जास्त माल भरायला सरकारनंच परवानगी दिल्यामुळे नव्या ट्रकची गरज घटली. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंजिनं येणार होती, म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिलं. यातलं एकही कारण लाइनवर नट आवळणाऱ्या पोरानं निर्माण केलेलं नव्हतं. केंद्रीय अर्थमंत्र्यांनी चेन्नईत आणखी एक कारण सांगितलं: नवी पिढी हप्ते भरून गाडी घेण्यापेक्षा ओला-उबरनं फिरते. आता वीस टन सळई नाशिकला न्यायची तर कुठल्या ॲपवर बोलवायची, हे मात्र राहून गेलं.

बरं, त्याआधीचं आर्थिक वर्ष? २०१८-१९. प्रवासी वाहनांची विक्री ३३ लाख ७७ हजार, तोवरचा उच्चांक. त्या उच्चांकाच्या वर्षात युनियनचं मागणीपत्र टेबलावर होतंच. तेव्हा उत्तर मिळालं, ‘अध्यक्ष, आज बरं चाललंय, पण उद्याचं काही सांगता येत नाही. जरा दूरचं बघा.’ वर्षभरानं तेच मागणीपत्र पुन्हा टेबलावर आलं. उत्तर मिळालं, ‘अध्यक्ष, उद्याचं उद्या बघू, आजचं काय ते बोला.’ व्यवस्थापनशास्त्राच्या दोन वर्षांच्या पदवीत एवढंच शिकवत असतील तरी फी वसूल आहे.

*

आता कात्री. ती कुठून चालते ते बघा.

कारखान्याच्या गेटमधून रोज आत जाणारी माणसं चार-पाच जातींची असतात. (जात हा शब्द मुद्दाम वापरला. आतली उतरंड पाहिली की दुसरा सुचत नाही.) वर कायम कामगार: करारवाला, युनियनवाला, कंपनीच्या बसमधून येणारा. त्याखाली टेम्पररी, सहा-सात महिन्यांच्या ऑर्डरवरचा. त्याखाली कंत्राटदाराचा माणूस. त्याखाली ट्रेनी: कुणी अप्रेंटिस, तेव्हा कुणी ‘नीम’वालाही. ‘नीम’ ही तंत्रशिक्षण परिषदेची २०१३ ची योजना, आता बंद झालेली. तिच्यातलं पोरगं कागदोपत्री शिकत असायचं. त्यामुळे त्याला पगार नसायचा, विद्यावेतन असायचं. भविष्यनिर्वाह निधी नसायचा, प्रमाणपत्र असायचं. प्रत्यक्षात ते पहिल्या आठवड्यात मशीन शिकायचं आणि पुढची दोन-तीन वर्षं तेच मशीन चालवून उत्पादन काढायचं. इतकी वर्षं शिकूनही पास न होणारा विद्यार्थी एरवी शाळेतून काढतात. इथं नवी तुकडी आली की काढायचे.

टेम्पररीचं गणित २४० दिवसांचं. वर्षात २४० दिवस भरले की कायद्याच्या लेखी सलग सेवा झाली, आणि मग नोटीस, भरपाई अशी कटकट मागं लागते. म्हणून २४० च्या आधी ‘ब्रेक’. लाइनवर सेकंदाचा हिशोब चुकणाऱ्या कंपनीत हा हिशोब कधीच चुकत नाही.

मंदी आली की कात्री उतरंडीच्या तळापासून वर चालते. आधी ट्रेनी, मग कंत्राटी, मग टेम्पररी. वाहन उत्पादकांच्या संघटनेनं, म्हणजे सियामनं, त्या ऑगस्टमध्ये सांगितलं, की दोन-तीन महिन्यांत कारखान्यांमधले सुमारे १५ हजार लोक कमी झाले आणि त्यातले बहुतेक हंगामी नाहीतर कंत्राटी होते. मारुतीच्या अध्यक्षांनी स्वतःच सांगितलं, की तीन हजार तात्पुरत्या कामगारांचे करार पुढे चालू ठेवलेले नाहीत. तेवढं बोलले याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत, कारण आपल्या पट्ट्यातल्या शेकडो पुरवठादार कंपन्यांनी तेवढंही सांगितलं नाही. तिथं बातमी गेटवर कळली. सकाळी पंचिंगला कार्ड लावलं, ‘टीं’ वाजलं नाही. सिक्युरिटीवाला म्हणाला, बाजूला उभा राहा. ठेकेदाराला फोन केला, तो म्हणाला, दोन दिवसांनी सांगतो. लातूर, नांदेड, परभणी, बीडकडचा, आयटीआय झालेला पोरगा महाळुंगे-खराबवाडीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत आणखी चौघांबरोबर ते दोन दिवस मोजत बसला. खानावळीचा डबा दोघांत एक झाला. महिना संपला तसा गावाकडची एसटी.

आणि प्लँट हेड पत्रकारांना छातीठोक सांगू शकतात, ‘आम्ही एकाही कामगाराला काढलेलं नाही.’ ते खोटं बोलत नसतात. तो पोरगा त्यांचा कामगार नव्हताच. बऱ्याच कंपन्यांच्या ताळेबंदात त्याची मजुरी कर्मचारी खर्चातसुद्धा धरत नाहीत, ती ‘इतर खर्चा’त असते, वीज-पाणी-डिझेल यांच्या आसपास. माणूस गेला म्हणजे इतर खर्चात बचत झाली. बचतीबद्दल कुणी खंत व्यक्त करतं का?

*

आता कायम कामगाराकडे येऊ. याला असं बाजूला उभं करता येत नाही. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा मध्ये होता. हा कायदा फार जणांनी न वाचता दूषणं देण्यासाठीच वापरला. वाचला असता तर त्यातला विनोद कळला असता.

काम नसेल तर मालकानं कामगाराला ले-ऑफ द्यावा आणि त्या काळात मूळ वेतन अधिक महागाई भत्त्याच्या निम्मे पैसे द्यावेत, असं तो सांगायचा. पन्नासपेक्षा कमी माणसं असतील तर तेही नाही. बदली कामगाराला नाही. वर्ष न भरलेल्याला नाही. बरं, ज्याला आहे त्यानं घरी बसून घ्यावेत का? छे. काम नाही म्हणून बसवलेल्या माणसानं रोज एकदा ठरल्या वेळी कारखान्यात हजर व्हायचं, त्याच्यासाठी वेगळा मस्टर ठेवलेला असतो, तिथं नोंद करायची, आणि काम नाही हे अधिकृतपणे कळल्यावर परत जायचं. एक दिवस आला नाही, त्या दिवसाची भरपाई गेली. थोडक्यात, काम नाही हे पाहायला रोज कामावर या. येण्या-जाण्याचा पेट्रोलचा खर्च कुणाचा, याबाबत कायदा सभ्यपणे गप्प होता.

यावर आणखी एक कडी होती. शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यात ऑर्डर नाहीत एवढ्यावर ले-ऑफ द्यायचा तर आधी सरकारची परवानगी लागायची. परवानगी मागायची म्हणजे अर्ज करायचा, अर्जात आकडे द्यायचे, ते आकडे युनियनसमोर सिद्ध करायचे. इथं व्यवस्थापनाच्या पोटात गोळा येतो. कामगार कमी करायला त्याची ना नसते. आकडे दाखवायला असते. मग शोध लागला ‘ब्लॉक क्लोजर’चा. कारखाना बंद, पण ले-ऑफ नाही. कुणाच्या परवानगीची गरज नाही, फक्त युनियनची सही हवी. ठरतं असं: बंदच्या दिवसांचा अर्धा भार कंपनीचा, अर्धा कामगाराच्या रजेतून, किंवा आज घरी बसा, मंदी उठली की रविवारी येऊन दिवस भरून द्या. म्हणजे बाजार पडला तेव्हा धोका वाटून घेतला, बाजार उठला तेव्हा रविवार वाटून घेतला.

हे सर्रास झालं. मारुतीनं ७ आणि ९ सप्टेंबरला गुरुग्राम-मानेसर बंद ठेवलं. अशोक लेलँडनं त्या महिन्यात आपल्या वेगवेगळ्या कारखान्यांत पाच ते अठरा दिवस काम बंद असेल असं जाहीर केलं. त्यात आपला भंडाऱ्याचा कारखाना दहा दिवस. बंदच्या तारखा ठरवण्यात मात्र एक कला असते. मध्ये गणपती, पितृपक्ष, शनिवार-रविवार असे जुळवायचे, की सलग आठ दिवस शांतता नांदली तरी कॅलेंडरवर बंदचे दिवस चारच दिसावेत. कोकणातला कामगार खूश होतो: यंदा गौरीला रजा मागावी लागली नाही. पुढच्या मे महिन्यात पोराच्या मुंजीला रजा मागतो, तेव्हा शिल्लक शून्य असते.

*

मंदीत मॅनेजराला युनियनचं प्रेम फुटतं, ही या काळातली सगळ्यात हृद्य घटना. एरवी अध्यक्षांना केबिनबाहेर वीस मिनिटं बसवणारे साहेब आता उठून दार उघडतात.

‘या अध्यक्ष. चहा घेणार का कॉफी?’

‘साहेब, बिस्किट बंद केलंय तुम्ही.’

‘अहो, तुमच्यासाठी आहे ना!’

कारण त्यांना सही हवी असते. ही सही पोरांच्या गळी उतरवायचं काम अध्यक्षाचं. तो शेडमध्ये जाऊन सांगतो, की बाबांनो, शेजारची कंपनी बघा, तिथं तर वीस दिवस बंद आहे. साहेबांनी माइकवरून जे दोनदा सांगूनही पटलं नाही, ते अध्यक्षानं एकदा सांगितल्यावर पटतं. नोकरी सांभाळणारा मध्यस्थ कंपनीला फुकटात मिळतो. त्याच्या बदल्यात पुढच्या कराराच्या वेळी साहेब हे सगळं विसरतात. सरळ आहे, साहेबांची बदली झालेली असते.

ज्यांना हे जमत नाही, ते दुसरा खेळ खेळतात. मंदीत संप झाला तर कंपनीचं नुकसान कमी आणि कामगाराचं जास्त, हे अनुभवी मॅनेजराला तोंडपाठ असतं. गोदाम भरलेलं, ऑर्डर नाही, आणि पगारही द्यायचा नाही! मुंबईच्या गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ चा संप अडीच लाख कामगारांनी केला. मालकांना तो मिटवायची घाई का नव्हती, यावर तेव्हापासून बरंच लिहून झालंय. त्यांच्या गोदामात पडून राहिलेलं कापड त्या लिखाणात पुन्हापुन्हा येतं.

कुटुंबाची भाषा खरी मानून कामगारांनी हिस्सा मागितला, असंही एकदा झालं. २०१३ च्या जूनमध्ये चाकणला बजाज ऑटोच्या कामगारांनी संप केला. गाड्यांचा बाजार तेव्हाही मंदच होता. त्यांच्या मागण्यांत एक होती, की प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दरानं द्या. अनेकांनी ही मागणी विनोदी सदरात ढकलली. कंपनीनं काही उत्पादन वाळूजला हलवलं आणि पन्नासेक दिवसांनी काहीही हाती न लागता संप मागे घेतला गेला. मला ती मागणी तेव्हाही विनोदी वाटली नाही. तोटा वाटून घेताना जो भागीदार चालतो, तो नफ्याच्या वेळी का चालत नाही, याचं उत्तर संप मोडून मिळत नाही.

*

आता जरा मागं जाऊ. मंदीत कामगाराचा खरा उपयोग मशीनवर नसतोच मुळी, दिल्लीला पाठवायच्या अर्जात असतो.

१९२५ साली मुंबईच्या गिरण्या मंदीत होत्या. जपानी कापड स्वस्त, लँकेशायर आहेच, त्यात सरकारनं १८९६ पासून देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लावून ठेवलेला. लँकेशायरच्या समाधानासाठी लावलेला हा कर जावा म्हणून मालक आणि पुढारी जवळजवळ तीस वर्षं अर्ज करत होते. सरकार हलत नव्हतं. मग मालकांनी कामगारांच्या पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली आणि वर सांगितलं, की सरकारनं कर उठवला तर आम्ही कपात उठवू. सप्टेंबरात दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. गिरणगावात उपासमार झाली, हजारो लोक कोकणात आणि घाटावर गावी परतले. अडीच महिन्यांनी, डिसेंबरच्या सुरुवातीला, सरकारनं कर स्थगित केला. पुढच्या वर्षी तो रद्दच झाला.

तीस वर्षांच्या अर्जांनी झालं नाही ते कामगाराच्या पोटानं अडीच महिन्यांत करून दाखवलं. पण एक गोष्ट मालकांच्या बाजूनं नोंदवली पाहिजे: कर स्थगित होताच त्यांनी कपात मागे घेतली. शब्द पाळला.

२०१९ ला हीच गोष्ट नव्या पोशाखात आली. वाहनांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणा, ही उद्योगाची मागणी होती. आणि तिला जोडलेला आकडा कसला? रोजगाराचा. सुटे भाग बनवणाऱ्यांच्या संघटनेनं जुलैमध्ये इशारा दिला, दहा लाख नोकऱ्या धोक्यात आहेत. ताळेबंदात ‘इतर खर्चा’त बसणारा तो नांदेडचा पोरगा निवेदनात मात्र पहिल्या परिच्छेदात, ठळक अक्षरांत. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कंपनीनं आपला म्हणून मोजला.

२० सप्टेंबरला जीएसटी परिषदेची बैठक गोव्यात होती. मोटारींवरचा कर तिनं उतरवला नाही. पण त्याच दिवशी, पणजीतूनच, अर्थमंत्र्यांनी कंपन्यांवरचा प्राप्तिकर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखान्यांसाठी तर १५ वर. सरकारचा अंदाज, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपये सोडले. शेअर बाजारानं त्या दिवशी दिवाळी केली. गेटबाहेर उभ्या असलेल्या पोरांना परत घ्या, अशी अट त्या सवलतीला नव्हती. १९२५ च्या मालकांनी निदान बोलून दाखवलेला शब्द होता. २०१९ मध्ये शब्दच कुणी मागितला नाही; सरकारनं नाही, आणि हे लिहायला हरकत नाही, कायम कामगारांच्या बहुतेक युनियन्सनीही नाही. उतरंडीत वरच्या पायरीवर उभा असलेला माणूस खालच्या पायरीवरची कात्री पाहून हुश्श करतो, ही गोष्ट साहेबांना फार पूर्वीपासून माहीत आहे. तिच्यावर त्यांचं अर्धं खातं चालतं.

*

चाकणच्या कुठल्याही कारखान्यात जा, भिंतीवर जपान लटकलेला असतो. कायझेनचा फलक, फाइव्ह एसचा फलक, कानबानच्या चिठ्ठ्या, पोका-योकेचं बक्षीस घेतलेल्या कामगाराचा फोटो. साहेब लोक टोयोटाचा कारखाना पाहून आलेले असतात. तिथून सगळं आणलं, एक गोष्ट आणायची राहिली.

१९४९-५० ला जपानात भयंकर मंदी होती आणि टोयोटा दिवाळं वाजायच्या बेतात होती. कंपनीचे संस्थापक आणि तेव्हाचे अध्यक्ष किइचिरो टोयोदा यांनी कामगारांना सांगितलं, की दहा टक्के पगारकपात मान्य करा, मी कुणाला काढणार नाही. कामगारांनी मानलं. काही महिन्यांत बँकांनी हात पिरगाळला आणि सोळाशे लोक कमी करायची वेळ आली. दोन महिने संप झाला. शेवटी लोक कमी झाले, पण शब्द मोडला म्हणून किइचिरो यांनी स्वतः अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि त्यांच्याबरोबर वरचे काही अधिकारीही गेले. त्याच महिन्यात, २५ जून १९५० ला, कोरियात युद्ध पेटलं, अमेरिकी लष्कराच्या ट्रकांच्या ऑर्डरी आल्या आणि कंपनी तरली. किइचिरो परत यायच्या आधीच, १९५२ मध्ये, वारले. नंतरच्या टोयोटात कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात जो विश्वास दिसला, त्याच्या मुळाशी हा राजीनामा आहे. तो फाइव्ह एसच्या फलकावर बसत नाही. सहावा एस करून बसवता आला असता, पण ट्रेनिंगचं बजेट मंदीत आधी कापलं जातं.

*

यात सगळे साहेब एकाच मापाचे, असं म्हणायचं नाही. भोसरीच्या एमआयडीसीत गाळ्यात बारा माणसं घेऊन काम करणारा मालकच मॅनेजर असतो, एचआर असतो आणि रात्री लेथवरही तोच असतो. त्याच्याकडे पन्नास माणसं नाहीत, त्यामुळे ले-ऑफची भरपाई द्यायला कायदा त्याला सांगत नाही. तरी मंदीत तो माणसं धरून ठेवतो, कारण ग्राइंडिंगवाला एकदा गेला की परत मिळत नाही, आणि त्याच्या पोरीच्या लग्नात मालक जेवून आलेला असतो. ही माणसं तो उचल देऊन टिकवतो: पाच हजार, दहा हजार, कधी बायकोच्या बांगड्यांवर काढलेल्या कर्जातून. आणि मोठी कंपनी याच वेळी त्याचं काय करते? बिल थांबवते. लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे. मंदीत साठाचे नव्वद होतात, नव्वदाचे एकशेवीस, आणि वर पर्चेसचा माणूस फोन करून भाव तीन टक्के उतरवायला सांगतो. कुटुंबाची व्याख्या व्हेंडर मीटमध्येही सांगतात. तिथं जेवण मात्र चांगलं असतं.

२०२० मध्ये तर सगळ्यांचीच परीक्षा झाली. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयानं हुकूम काढला, टाळेबंदीतही पगार पूर्ण द्या. मालक सुप्रीम कोर्टात गेले, मे महिन्यात हुकूम मागे घेतला गेला, आणि १२ जूनला कोर्टानं सांगितलं, की आपसांत बोलून मिटवा. ज्याच्याकडे युनियन आहे तो बोलेल. कंत्राटी पोरगा कुणाशी बोलणार? ठेकेदाराचा फोन स्विच ऑफ.

आणि आता नवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. परवानगीची शंभराची रेषा तीनशेवर गेली. २९९ कामगारांचा कारखाना आता अर्ज न करता ले-ऑफ देऊ शकतो, कामगार कमी करू शकतो, कुलूपही लावू शकतो. तीनशेव्या माणसाची भरती या देशात आता फार विचार करून होईल. कमी केलेल्या कामगाराला पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम नवं कौशल्य शिकण्यासाठी वेगळी मिळायची आहे. पंधरा दिवसांत काय शिकायचं? बहुधा अर्ज लिहायला.

तेव्हा साहेब, पुढची मंदी येईल तेव्हा, आणि ती येणार, माइक हातात घ्यायच्या आधी ऑर्डर-बुक कॅन्टीनच्या बोर्डावर लावा. कपात करायचीच तर पहिला आकडा तुमच्या स्वतःच्या पगाराचा वाचून दाखवा. ट्रेनीला आणि कंत्राटी पोराला गेटवर नाही, महिनाभर आधी समोर बसवून सांगा. याला कुठल्या सल्लागाराची गरज नाही आणि पैसेही फारसे लागत नाहीत. बिस्किटाच्या बचतीत बसेल.

आणि हे नाही जमलं, तर निदान तुमच्या सोयीसाठी एक माहिती. ही सगळी भरपाई, नोटीस, दर वर्षामागं पंधरा दिवस, हे कायद्यात ‘कामगार’ असलेल्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय काम करणारा त्या व्याख्येत बसत नाही. नव्या संहितेत १८ हजारांवर पगार असलेला सुपरवायझरही बसत नाही. ज्या एचआर मॅनेजरनं तीन याद्या नीट करून दिल्या, त्याचं नाव चौथ्या यादीत आलं तर त्याच्याकडे फक्त त्याचं नेमणूकपत्र असतं, आणि त्यात लिहिलेल्या दिवसांची नोटीस. ते घरी कुठल्या फाइलीत आहे, आज रात्री शोधून ठेवा.